फुंकायचं नाही

“वजन उचलता का?” डोळ्यांच्या डॉक्टर केंजळे मॅडमनी विचारलं.

“न्हाई,” दाजी म्हणाले.

“वाकून करायची कामं?”

“न्हाई वो. देवळात असतो मी. बसून काम.”

“गुरव ना तुम्ही? म्हणजे पूजा, घंटा, नैवेद्य,” मॅडम लिहिता लिहिता म्हणाल्या. “ऑपरेशननंतर महिनाभर वाकून नमस्कार बंद. देव समजून घेईल.”

“देव घेईल वो समजून,” माझी आक्का म्हणाली. “ह्यांना समज यायचं काय औषध असलं तर तेवढं द्या लिहून.”

आक्काला ऐकू येत नाही. समोरच्याच्या ओठांकडं बघून ती सगळं ओळखते, पण आपला आवाज केवढा निघतोय याचा तिला पत्ता नसतो. त्यामुळं हे बोलणं बाहेर बाकड्यावर बसलेल्या सगळ्या पेशंटांनी ऐकलं आणि त्यातला एक म्हातारा ठसका लागेपर्यंत हसला.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे मालक, केरबा गुरव. आमच्या गावच्या भैरवनाथाच्या देवळात पहाटे आणि सांजेला सनई वाजवायचे. पंचक्रोशीत नाव होतं. केरबाच्या सनईशिवाय लागलेलं लग्न टिकत नाही असं बायका म्हणायच्या, आणि दाजीही म्हणायचे, बायकांपेक्षा जरा जास्तच. मी महिपती, त्यांचा मेहुणा. त्यांच्या डाव्या हाताला बसून मी दुसऱ्या सनईवर सूर धरायचो. सूर धरायचा म्हणजे एकच स्वर, अखंड. गालात वारा साठवायचा, नाकानं श्वास ओढायचा आणि स्वर तुटू द्यायचा नाही. ताना दाजींनी घ्यायच्या, वाहवा दाजींनी घ्यायची, आणि मी आपलं पीं करून बसायचं. पाव्हण्यारावळ्यांना माझी ओळख करून देताना दाजी म्हणायचे, “हा आमचा मेव्हणा. ह्याला एकच सूर येतो, पन तेवढा पक्का येतो.”

डोळ्याचं प्रकरण माझ्यापासूनच सुरू झालं. वाजवता वाजवता दाजी मान गर्रकन डावीकडं वळवून बघायला लागले. एकदा झालं, दोनदा झालं, मग रोजचंच. वाजवून झालं की माझ्यावर खेकसायचे, “कुटं बसतोस रं? दिसत न्हाईस मला.”

“तिथंच असतो की. सूर ऐकू येत न्हाई का?”

“सूर येतो. तू दिसत न्हाईस.”

मला वाटलं, म्हातारपणाची खोड. मग चौकटींना खांदा धडकायला लागला, ताटातली डावीकडची भाजी तशीच राहायला लागली. आक्का म्हणाली, माझ्या हातची भाजी नकोशी झालीय, दुसरं काय. शेवटी समोरून येणारा माणूसही पुसट दिसायला लागला तेव्हा दाजी स्वतःच म्हणाले, मोतीबिंदू असंल. म्हणून साताऱ्याला गेलो, तर केंजळे मॅडमनी तपासून वेगळंच सांगितलं. डाव्या डोळ्याची नस काचबिंदूनं सुकली होती. तो डोळा गेलेला होता, कधी गेला ते दाजींनाही कळलं नव्हतं. दुखलं नाही, खुपलं नाही, कडेकडेनं उजेड खात खात तो काचबिंदू आत शिरला होता.

“मग त्यो बी बरा करून टाका,” दाजी म्हणाले.

“काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही, काका. कुणाकडूनच नाही.” मॅडमनी उजव्या डोळ्याकडं बोट केलं. “पण उजवा आहे अजून. त्यात मोतीबिंदूही आहे आणि काचबिंदूही. दोन्हींचं एकदमच करू. मोती काढून लेन्स बसवायची, आणि त्याच वेळी डोळ्यातलं पाणी झिरपून जायला एक बारीकशी वाट करून द्यायची. आतला दाब कमी राहिला तर आहे ती नजर टिकेल.”

“एका मांडवात दोन लग्नं म्हना की.”

“म्हणा तसं.”

“पन मोती अजून पिकला न्हाई म्हनतात. पिकल्यावर काढावा...”

दाजींचं तोंड आक्काकडं होतं, तिला ओठ दिसले. “केस पिकले तरी अक्कल पिकली न्हाई,” ती म्हणाली, “आन् मोती पिकायची वाट बघत्यात!”

आणि मग मॅडमनी ते वजनाचं आणि वाकायचं विचारलं. आम्ही तिघं तिथं हजर होतो, पण एकाच्याही तोंडून सनईचं नाव निघालं नाही. कसं निघावं? आमच्यात वाजवण्याला काम कुणी म्हणतच नाही, ती देवाची सेवा. बाईंनी कामाचं विचारलं, आम्ही कामाचं सांगितलं.

ऑपरेशन झकास झालं. पट्टी निघाली त्या दिवशी दाजींनी आधी आक्काकडं बघितलं आणि म्हणाले, “अरारा! तू बी म्हातारी झालीस की.” आक्कानं ओठ वाचले आणि थेंबाची बाटली हातात घेतलेली होती म्हणून ते वाचले.

पुढं घरात आक्काचं राज्य आलं. वाकायचं नाही म्हटल्यावर दाजींच्या चपला ती पायात घालून द्यायची. शिंक येतेय असं नुसतं तोंड झालं तरी धावत येऊन नाक दाबायची. कुंथायचं नाही असं मॅडमनी सांगितलं होतं, तर रोज सकाळी अर्धी पपई. देवासमोर दाजी ताठ उभे राहून हात जोडायचे, फौजदारासारखे. गावात चेष्टा झाली की केरबा आता देवापुढंही वाकत नाही.

हे सगळं चालू असताना देवळात मात्र देवस्थानच्या मंडळींनी पहाटेला कॅसेट लावली. कर्ण्यावरून कुणा परक्याची सनई. दाजी अंथरुणावर पडल्या पडल्या दात खायचे. “गावात दोन सनईवाले जिते असताना देवाला डबा ऐकवत्यात!” दोन म्हणाले, म्हणजे मलाही धरलं होतं. मी ते ध्यानात ठेवलं.

महिना सरला तसं त्यांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, “उद्या बसायचं.”

“मॅडमना विचारू या का?”

“त्यात काय विचारायचं? मांडी घालून बसनार, ताठ. वाकायचं न्हाई, उचलायचं न्हाई. सनई काय पावशेराची बी न्हाई.”

मलाही पटलं, आक्कालाही पटलं. सनईच्या तोंडाची पत्ती ओठांत धरून ओली करताना दाजी असे खुलले की मला वाटलं, हे ऑपरेशन याच्यासाठीच केलं. त्या पहाटे गाव जागं झालं ते हसत. दाजी वाजवत सुटले, मी सूर धरला, कर्णा बंद पडला.

आठवड्याच्या आतच एका सकाळी आक्का ओरडत आली. दाजींच्या उजव्या डोळ्यात रक्ताचा डाग. त्याच दिवशी साताऱ्यात एका लग्नाची सुपारी होती, म्हणून सनयांची पिशवी खांद्यावर टाकूनच मी त्या दोघांना घेऊन दवाखाना गाठला. मॅडमनी दिवा लावून बराच वेळ बघितलं.

“कुठं धक्का लागला?”

“न्हाई.”

“खोकला? शिंका?”

“शिंकू कुटं देती ही!”

“पोट साफ होतं ना? जोर करावा लागत नाही?”

हे आक्कानं ओळखलं. “पपई देते वो रोज!” ती म्हणाली. “अगदी साफ हुतंय ह्यांना! ऐकून घ्या पायजे तर कुनाकडनं बी!” बाहेरच्या बाकड्यावर पुन्हा हशा झाला. दाजी भिंतीकडं बघत बसले.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांची नजर माझ्या खांद्यावर गेली. “त्या लांब पिशवीत काय आहे?”

“सनया,” मी म्हणालो.

“कुणाच्या?”

“आमच्याच की,” दाजींनी छाती पुढं काढली. “मी वाजवतो. हा बी असतो, पन नुसता सूर धरतो.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “काका, किती वर्षं?”

“मिसरूड फुटलं न्हवतं तवापासनं.”

“आणि ऑपरेशननंतर?”

“आता आठवडा हुईल. पन ताठ बसून, मॅडम. एकदा बी वाकलो न्हाई. इचारा मेव्हण्याला.”

मी मान डोलावली. अजून आम्हाला वाटत होतं की आपण शहाणपणाच केलाय.

“तोंडात एवढा दाब धरून फुंकायचं म्हटल्यावर तो दाब डोळ्यातही चढतो,” मॅडम हळूहळू म्हणाल्या. “त्यानंच काचबिंदू झाला असं मी म्हणत नाही. पण उरलेल्या डोळ्याची नसही अर्धी सुकलीय. तिला हे परवडणार नाही. हा डाग जाईल, नशीब म्हणायचं. पण सनई बंद.”

“किती दिस?”

“दिवस नाही, काका. कायमची.”

दाजी हसायला लागले. खरंच हसले, मॅडमनी गंमत केली असं समजून. मग त्यांचं हसू आपोआप थांबलं. “मोजून दावा,” ते म्हणाले. “फुंकल्यावर दाब चढतो ते मोजून दावा. त्याबिगर मी मानायचा न्हाई.”

“आत्ता नाही. डोळा पुरता बरा झाला की एकदाच, थोडंसं. तोवर हात लावायचा नाही.”

त्या लग्नात मी एकटाच जाऊन सूर धरून आलो. दुसऱ्या गावचा वाजवणारा आयत्या वेळी मिळाला म्हणून अब्रू राहिली.

डोळा निवळल्यावर मॅडमनी बोलावलं. शब्दाला जागल्या. आधी डोळ्यात थेंब घालून पेनासारख्या यंत्रानं दाब मोजला. चौदा. “बघा!” दाजी मला म्हणाले, जसं काही परीक्षेत पहिले आले. मग त्यांनी सनई तोंडाला लावली, मी शेजारी बसून सूर धरला, आणि त्या औषधाच्या वासाच्या खोलीत दाजींनी वरच्या षड्जावर जी तान नेली ती मी आजवर विसरलेलो नाही. दारात गर्दी झाली. एका डोळ्याला पट्टी लावलेले म्हातारे, नर्सा, झाडणारी मावशी. एका आजीनं विचारलंही, कुणाचं लगीन हाय. तान वर असतानाच मॅडमनी यंत्र टेकवलं आणि आकडा दाजींच्या हाताशी धरला.

एकतीस.

सनई खाली आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना काय माहीत.

“यंत्र बिघडलं असंल,” दाजी म्हणाले. “ह्याचा मापा. ह्यो तर दम न घेता फुंकतो.”

मॅडमनी माझाही मापला. माझाही चढला, पण थांबल्यावर उतरला, आणि आत बघून त्या म्हणाल्या की यांच्या नसा धडधाकट आहेत, वर्षाला एकदा तपासत राहा, यांना चालेल.

“म्हंजे हा वाजवू शकतो आन् मी न्हाई?”

“हो.”

“मॅडम, ह्याला एकच सूर येतो!” दाजी कळवळून म्हणाले. एवढा अपमान होऊनही मला राग आला नाही.

आक्का पुढ्यातच बसली होती, पण दाजींनी तोंड फिरवलेलं आणि मॅडम यंत्राकडं वळलेल्या असल्यामुळं तिला काही कळलं नव्हतं. ती मला कोपरानं ढोसत होती, काय म्हनली, काय म्हनली. मी तिच्याकडं वळून सावकाश सांगितलं. दाजींच्या सनईला ती जन्मभर सवत म्हणत आली होती. आता बोलेल, गेली एकदाची सवत घराबाहेर, असं मला वाटलं. पण तिनं नुसती औषधाची चिठ्ठी घेतली आणि थेंब आणायला खाली निघून गेली.

आम्ही दोघं बाहेर बाकड्यावर बसलो. दाजी सनईवरून बोटं फिरवत होते, न वाजवता. त्यांचा निकाल मला माहीतच होता. कितीदा त्यांच्या तोंडून ऐकलं होतं, डोळे मिटूनच वाजवतो मी, डोळ्यांची गरज बघणाऱ्यांना. सनई सोडण्यापेक्षा डोळा गेलेला बरा असंच ते म्हणणार, आणि आक्काला कसं सांगायचं हे मी मनात जुळवत होतो.

“महिपती,” ते म्हणाले, “सनई ठेव पिशवीत.”

“नंतर बघू की दाजी. घाई काय हाय?”

“ठेव म्हनतो ना.”

“तुमीच म्हनत हुता, बोटांना डोळे लागत न्हाईत म्हनून.”

“बोटांना न्हाईच लागत.” ते जिन्याकडं बघत होते, आक्का जिथून खाली गेली तिकडं. “मी आंधळा झालो आन् घरात कुटंतरी पडलो, हाक मारली, तर तिला ऐकू येनार हाय का? ती परड्यात पडली, तर मला दिसनार हाय का? दोघांपैकी एकाला तरी दुसऱ्याचा पत्ता लागाया नको? तिचं कान गेलं तवा मी देवाला म्हनलो हुतो, बरं झालं, माझ्या बेसूर दिवशी बी हिला कळायचं न्हाई. चेष्टा केली. आता ह्यो डोळा एकट्या माझा ऱ्हायलाय व्हय?”

मी सनई घेतली, पुसली आणि पिशवीत ठेवली.

“आन् पहाटेला कॅसेट लागली तर तंगडी मोडीन तुझी,” दाजी म्हणाले.

“मला तान येत न्हाई, दाजी.”

“ठाऊक हाय. साऱ्या गावाला ठाऊक हाय. शिकशील.”

आणि शिकवलं. तोंडानं गाऊन दाखवायचे आणि मी वाजवायचो. माझं वाजवणं ऐकून शेजारची म्हैस दूध चोरते असं ते म्हणायचे. इतकी वर्षं शेजारी बसून कानावर पडलेलं सगळं माझ्या आत कुठंतरी होतं, पण बोटांत उतरेना. बोटं अडली की दाजी स्वतःच्या मांडीवर बोटं नाचवून दाखवायचे, आणि मग हळूच पिशवीकडं बघायचे. ती पिशवी आक्कानं उचलून फडताळात वर ठेवली. खाली घ्यायची तर टाच उंचावून वजन उचलावं लागेल, आणि तसलं काही करायचं नाही असं मॅडमनी सांगितलंय, म्हणाली.

शेवटी एका पहाटे देवळात बसायचं ठरलं. सूर धरायला कोण, हा प्रश्नच होता, कारण सूर धरणारा गावात एकच, तो मी. दाजी आले ते काखेत सुरपेटी घेऊन. हातानं भाता हलवायचा, फुंकायचं काही नाही. मॅडमना विचारून घेतलं होतं म्हणे. माझ्या डाव्या हाताला जाऊन त्यांनी मांडी घातली आणि भाता हलवायला लागले. इतकी वर्षं मी जिथं बसलो तिथं ते बसलेले मी बघत राहिलो.

“बघतोस काय? कर सुरू,” ते म्हणाले.

मी भूपाळी धरली. पहिली ओळ बरी गेली. लोक येऊन बसले होते, आक्का समोर खांबाला टेकून आमच्याकडं बघत होती. दुसऱ्या ओळीला मी घसरलो, सावरलो. वर चढायची जागा आली, ज्या जागेवर गाव दाजींना वाहवा द्यायचं, आणि तिथं माझा दम कमी पडायला लागला. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून दाजींकडं बघितलं. त्यांचे दोन्ही गाल टम्म फुगले होते. तोंडात काही नाही, हातात भाता, आणि गाल फुगवून ते माझ्याबरोबर वर चढत होते. कपाळावरची शीरही तट्ट झाली होती.

आक्का तीरासारखी उठली. भर देवळात, सगळ्या लोकांदेखत, तिनं दाजींचे दोन्ही गाल तळव्यांत धरून दाबले. फुस्स करून वारा बाहेर पडला.

“फुंकायचं न्हाई म्हनून सांगितलंय ना!” तिचा आवाज शिखरापर्यंत गेला. “सनई न्हाई तर न्हाई, नुसतंच फुंकाया लागला!”

लोक पोट धरून हसले. दाजीही हसले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेना. त्यांनी पुसायला हात उचलला, तर आक्कानं तोही धरला. डोळा चोळायचा नाही. मग तिनंच पदराच्या टोकानं त्यांचे गाल टिपले, खालून, डोळ्याला धक्का लागणार नाही असे, आणि दाजी समोरच्या तिच्या तोंडाकडं बघत राहिले.

माझी सनई कधीच थांबली होती. त्या दोघांकडं बघत मी ती मांडीवर ठेवली होती. पण दाजींचा दुसरा हात भात्यावर चालूच होता, स्वर तुटला नव्हता.

“तू का थांबलास रं?” ते माझ्यावर खेकसले. “वाजव! सूर धरलाय मी.”